अल्बर्टन, ऑकलंड: कौरीच्या लाकडातले एक घर आणि त्याचे मोल

ऑकलंडला येणाऱ्या पाहुण्यांना काय दाखवायचे याची यादी आमच्या घरात ठरलेली आहे: स्काय टॉवर, मिशन बेचा किनारा, वायहेके बेट आणि पाऊस लागलाच तर संग्रहालय. माउंट अल्बर्ट रोडवरचे ‘अल्बर्टन’ हे जुने लाकडी घर या यादीत मी हट्टाने घातले असून निरनिराळ्या पाहुण्यांबरोबर ते आजवर चार वेळा पाहिले आहे. राजवाडा पाहण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्याची तिथे निराशा होईल, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला घर म्हणजे काय, ते कसे वाढते, कसे थकते आणि लाकूड दीडशे वर्षांचा हिशेब कसा राखून ठेवते हे पाहायचे आहे, त्याने मात्र या शहरात पहिली वाट इकडची धरावी.

१८६३ साली ॲलन कर टेलर नावाच्या जमीनदाराने हे घर बांधले तेव्हा ते दोन मजली, साध्या चेहऱ्याचे शेतघर होते. टेलर कुटुंबाकडे माउंट अल्बर्टच्या परिसरात शेकडो एकर जमीन होती. कुटुंबाचा पसारा आणि मानमरातब वाढत गेला तशा घराला बाजू जोडल्या गेल्या, खालीवर व्हरांडे आले, मनोरे आले, नाचाच्या मेजवान्यांसाठी मोठे दालन आले, आणि अखेर ते अठरा खोल्यांचे झाले. एके काळी इथल्या मेजवान्या, शिकारी आणि बागेतले समारंभ ऑकलंडभर गाजत असत. टेलरची पत्नी सोफिया स्त्रियांच्या मताधिकाराची जाहीर पुरस्कर्ती होती. १८९० मध्ये पती वारल्यावर मोठे लेंकुरवाळे कुटुंब आणि सगळी मालमत्ता तिने एकटीने सांभाळली. पुढे तीन अविवाहित मुली या घरातच राहिल्या, आणि त्यांतली शेवटची १९७२ मध्ये वारली तेव्हा तिच्या मृत्युपत्राने घर तेव्हाच्या ऐतिहासिक स्थळ न्यासाकडे, म्हणजे आजच्या ‘हेरिटेज न्यूझीलंड पोहेरे ताओंगा’ या संस्थेकडे आले.

दर्शनी बाजूने पाहिले की आपल्या माणसाला या घराची काहीतरी ओळख पटते. ‘हिंदुस्थानी धाटणीचे व्हरांडे आणि मनोरे’ हे विशेषण अल्बर्टनच्या बहुतेक प्रत्येक वर्णनात येते, आणि ते निव्वळ अलंकारिक नाही. ॲलन कर टेलरचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करात अधिकारी होते आणि त्याचा स्वतःचा जन्मही हिंदुस्थानातला. तरीही ‘हिंदुस्थानी’ म्हणजे कुठले, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. हा व्हरांडा आपल्या पडवीसारखा नाही, कारण पडवीत भात पसरतात, जाते असते, आल्यागेल्याला पाणी तिथेच मिळते. तो ओसरीसारखाही नाही, कारण ओसरी घराच्या पोटात शिरलेली असते. हा आहे छावणीतल्या साहेबाच्या बंगल्याचा व्हरांडा, जो पुण्याच्या कॅम्पात किंवा मद्रासच्या बागबंगल्यांत दिसतो: घराला बाहेरून वेढणारा, खुर्ची टाकून बसायचा, आतल्या माणसाला बाहेरच्यापासून थोडे अंतरावर ठेवणारा. म्हणजे इथे उतरला आहे तो हिंदुस्थान नव्हे, हिंदुस्थानात राहिलेला इंग्रज. हा फरक समजून घेतला की व्हरांड्याची लाकडी झालर अधिक स्पष्ट दिसू लागते.

या व्हरांड्याचा एक तोटाही आहे, आणि वास्तुरचनेचे पूर्ण गुण मी या घराला देत नाही ते त्यामुळे. मद्रासच्या उन्हात सावली हे वरदान असते. ऑकलंडच्या जुलै महिन्यात घराच्या आत शिरणारे ऊन हीच खरी चैन असते, आणि दक्षिण गोलार्धात ते उत्तरेकडून तिरपे येते. खोल व्हरांड्यामागच्या खोल्या त्या दिवसांत दुपारीदेखील सांजावल्यासारख्या वाटतात. एका हवामानाची आठवण दुसऱ्या हवामानात बांधली की असे होते. मनोऱ्यांबद्दलही माझे मत फारसे बरे नाही. साध्या शेतघराच्या डोक्यावर ते मागाहून शिरपेचासारखे खोवलेले आहेत आणि अंगाशी एकजीव झालेले नाहीत. माझ्या पत्नीला मात्र तेच सर्वांत आवडतात, आणि पाहुण्यांपैकी बहुतेक जण तिच्या बाजूचे असतात.

गेल्या वर्षी माझे मामा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांची चाळीस वर्षे लाकडाची वखार होती, त्यामुळे देऊळ असो की हॉटेल, ते आधी चौकट पाहतात आणि मग आत जातात. व्हरांड्याच्या खांबावरून त्यांनी वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला, दोन पावले मागे सरकून भिंतीची एक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली आणि म्हणाले, “अरे, गाठ दिसंना कुठं. एवढ्या लांब फळीत एक गाठ नाही? रंगाखाली दडवलीय काय?” मग मी त्यांना कौरी वृक्षाविषयी सांगितले. हे झाड वाढताना आपल्या खालच्या फांद्या स्वतःच गाळून टाकते. फांदी जिथे मोडली तिथे जखम राहत नाही, ती मुळापासून सुटून पडते, आणि म्हणून उंच, सरळ खोडातून निघणारे लाकूड गाठीशिवायचे मिळते. मामा बराच वेळ गप्प राहिले. “सागवानाला शंभर गुण, पण हा गुण नाही,” एवढेच नंतर म्हणाले.

या घराचे मोल समजण्यासाठी कौरीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. हा वृक्ष न्यूझीलंडच्या उत्तर भागातच होतो. वायपोआच्या जंगलातला ‘ताने माहुता’ हा आज हयात असलेला सर्वांत मोठा कौरी चाळीस मीटरांहून उंच असून त्याच्या बुंध्याचा घेर तेरा मीटरांपेक्षा जास्त आहे. एकोणिसाव्या शतकात ही जंगले इतक्या वेगाने तोडली गेली की त्या लाकडावर ऑकलंड तर उभे राहिलेच, शिवाय ते जहाजांतून ऑस्ट्रेलियाला आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालाही गेले. जी थोडी जंगले उरली आहेत त्यांना आता मुळे कुजवणाऱ्या रोगाने गाठले आहे, आणि जंगलाच्या वाटेवर शिरताना बुटांचे तळवे घासून, औषध लावूनच पुढे जाऊ देतात. याचा अर्थ असा की अल्बर्टनची एखादी फळी बदलायची वेळ आली, तर तशीच फळी ताज्या झाडापासून मिळणे जवळजवळ अशक्य आहे. ती दुसऱ्या एखाद्या पाडलेल्या जुन्या घरातूनच आणावी लागते. ज्या वस्तूची जागा घेणारी वस्तू आता जन्माला येत नाही, तिच्या किमतीचा हिशेब वेगळा असतो, हे वखारवाल्याला समजावून सांगावे लागत नाही.

लाकडाइतकीच महत्त्वाची आहे भिंतीची रचना. बाहेरच्या फळ्या आडव्या असतात आणि वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढवलेली असते, म्हणजे माशाच्या खवल्यासारखी. पावसाचे पाणी एकीवरून दुसरीवर ओघळत जमिनीवर जाते. वारा पिसाट असला की थोडे पाणी सांध्यातून आत शिरतेच, पण फळीच्या मागे पोकळी असते, तिच्यातून हवा खेळते आणि ओल वाळून जाते. भिंत पाण्याला पूर्ण अडवत नाही, पाण्याला आत मुक्काम करू देत नाही, एवढेच. ही साधी युक्ती किती मोलाची होती हे न्यूझीलंडला फार उशिरा कळले. १९९०च्या दशकात या देशात सपाट, गिलाव्यासारख्या पृष्ठभागाची, छपराचा पुढावा नसलेली, औषध न चढवलेल्या पाइनच्या सांगाड्यावर उभी असलेली हजारो नवी घरे बांधली गेली. त्यांच्यात शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. सांगाडे आतून कुजले, मालक कर्जात बुडाले, आणि ‘गळकी घरे’ हा शब्द इथल्या प्रत्येक घरखरेदीत भीतीने उच्चारला जाऊ लागला. माझ्या एका मित्राचे २००१ सालचे घर अख्खे सोलून पुन्हा बांधावे लागले, आणि तिथून काही मैलांवर १८६३ सालच्या फळ्या आपल्या जागी उभ्या आहेत. वारसा म्हटले की लोकांना नक्षी आठवते. या घराचा पहिला वारसा ही बिननक्षीची भिंत आहे.

इथे घरची एक गोष्ट सांगतो. आम्ही सँडरिंगहॅममध्ये घेतलेले घर अल्बर्टनपेक्षा बरेच नंतरचे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, ज्याला इथे ‘व्हिला’ म्हणतात तसे आहे: मधोमध बोळ, दोन्हीकडे खोल्या, पुढे छोटा व्हरांडा, आणि खाली पूरीरी या अतिशय टणक लाकडाचे ठोकळे, ज्यांच्यावर अख्खे घर जमिनीपासून उचलून ठेवलेले आहे. (जाता जाता: इथे ‘बंगला’ म्हणतात तो प्रकार व्हिलाच्या नंतरचा. बंगालातून निघालेला शब्द कॅलिफोर्नियाला वळसा घालून ऑकलंडला पोहोचेपर्यंत घराची चाल आणि अंगण दोन्ही बदलून गेली, नाव तेवढे राहिले.) घर घेतल्यावर एका तपासणी कंपनीने, जिचे नाव इथे घेत नाही, सोळा पानांचा अहवाल दिला आणि त्यात बैठकीच्या खोलीची जमीन ‘किडीने पूर्ण पोखरलेली, काढून टाकावी’ असे लिहिले. खर्चाचा आकडा पाहून आम्ही दोन वर्षे नुसते बसून राहिलो. मामा आले तेव्हा गुडघे टेकून जमिनीवर बसले, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक एका फळीच्या कडेला दाबले आणि ते बोटभर आत गेले. माझा चेहरा उतरला. मग त्यांनी त्याच फळीच्या मधोमध दाबले, जोर लावून दाबले, आणि लाकडावर फक्त एक पांढुरकी रेघ उठली. कडेचा पट्टा झाडाच्या सालीलगतचा होता, फिकट आणि कोवळा, किड्याला गोड लागणारा. मधला भाग गाभ्याचा होता, आणि त्याला किड्याने शंभर वर्षांत तोंड लावलेले नव्हते. सबंध खोलीत खरोखर बदलाव्या लागल्या त्या चार फळ्या. अहवाल लिहिणाऱ्याने भोके मोजली होती, फळी वाचली नव्हती.

तो स्क्रू-ड्रायव्हर डोक्यात घेऊन मी अल्बर्टनला पुन्हा गेलो आणि तेव्हापासून ते घर मला निराळे दिसते. अशी घरे मोडतात ती किडीने थोडी आणि कुणाच्या तरी ‘काढून टाकावी’ या सल्ल्याने पुष्कळ. अल्बर्टनला असा सल्ला देणारा कुणी भेटला नाही, किंवा भेटला तरी तो ऐकण्याची ऐपत वा इच्छा त्या तीन बहिणींना नव्हती. आसपासच्या जमिनी विकल्या गेल्या, मेजवान्या थांबल्या, आणि घर होते तिथेच राहिले. विसाव्या शतकात ऑकलंडच्या किती घरांच्या वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या जाऊन ॲल्युमिनियमच्या आल्या, भिंती पाडून दोन खोल्यांची एक झाली, उंच तक्तपोशीखाली दुसरे बुटके छत ठोकले गेले, याची गणतीच नको. अल्बर्टनमध्ये तसा घाऊक कायापालट झाला नाही. जपण्याचा संकल्प कुणी केला होता म्हणून नव्हे, बदलण्याचे कारण आणि पैसा दोन्ही नव्हते म्हणून ते जपले गेले, असे माझे मत आहे. आपल्याकडे उलटे घडले. पुण्याच्या पेठांतल्या कित्येक वाड्यांचे सागवान उत्तम स्थितीत होते, पण वाटेकरी वाढले, भाडेकरू बसले, तंटे कोर्टात गेले, आणि अखेर वाड्याच्या जागेवर इमारत आली. तिच्या दारावर नाव मात्र ‘वाडा’ राहिले.

घरात सर्वांत सावकाश पाहण्याची वस्तू म्हणजे भिंतीवरचे कागद. एकोणिसाव्या शतकातले मूळ भिंतीकागद टिकून राहिल्याबद्दल अल्बर्टन प्रसिद्ध आहे, आणि या एका गोष्टीसाठी मी तिथे पाचव्यांदाही जाईन. अशा घरांत गिलावा नसे. लाकडी सांगाड्यावर आतून रंधा न मारलेल्या खरबरीत फळ्या ठोकीत, त्यांच्यावर तागाचे विरळ विणीचे कापड, म्हणजे जवळजवळ गोणपाटच, ताणून बारीक खिळ्यांनी बसवीत आणि त्याच्यावर कागद चिकटवीत. आमच्या घरातल्या बोळात असा एक कोपरा सुटला होता. तो अलगद सोलला तेव्हा एकाखाली एक पाच कागद निघाले: सगळ्यांत वर तपकिरी चौकटींचा, मग गुलाबाचा, मग फिकट हिरवी वेल, मग दोन ओळखू न येणारे, आणि तळाशी गंजलेल्या खिळ्यांच्या रांगेत ते गोणपाट. मामांनी ते चिमटीत धरले, चोळले, वास घेतला आणि “ताग,” म्हणाले. त्या काळी जगाला लागणारा कच्चा ताग बंगालमधून जात असे, मग तो कोलकत्त्याच्या गिरणीत विणला जावो की स्कॉटलंडमधल्या डंडीच्या. तेव्हा अल्बर्टनच्या हिंदुस्थानी व्हरांड्याचे एवढे कौतुक होत असताना, ऑकलंडच्या साध्यासुध्या लाकडी घरांच्या भिंतींतही आपल्याकडचे शेत चिकटवलेले आहे, हे कुणी फारसे बोलत नाही, याची मला थोडी गंमत वाटते.

भिंतीकागदाचे मोल त्याच्या सौंदर्यात कमी आणि त्याच्या साक्षीत जास्त आहे. पाहुण्यांसाठी राखलेल्या खोल्यांना भारी कागद आणि घरच्यांच्या वावरण्याच्या खोल्यांना साधा, ही त्या काळातल्या घरांची सर्रास रीत होती. म्हणून कागद पाहत गेलो की कोणत्या खोलीपर्यंत कुणाला येण्याची मुभा होती याचा नकाशाच हाती येतो. स्वयंपाकघरात आणि मागच्या बाजूला आलो की घराचा आवाज बदलतो. अठरा खोल्यांचे घर कोळसा-लाकूड, बादल्या आणि माणसांच्या हातांवर चालत होते, आणि ते हात दर्शनी व्हरांड्यावर बसत नव्हते. माझ्या मुलीने विचारले, “बाबा, इतक्या चिमण्या घासायला किती वेळ लागत असेल?” नाचाच्या दालनात तिने एकही प्रश्न विचारला नव्हता, म्हणून मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला.

सोफिया कर टेलरविषयी थोडे. १८९३ च्या १९ सप्टेंबरला न्यूझीलंडच्या स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला, आणि असे करणारा हा जगातला पहिला स्वशासित देश ठरला. त्या चळवळीत ऑकलंडमधून उघडपणे बोलणाऱ्यांत सोफिया होती. पती गेल्यावर जमीन, कर आणि कारभार स्वतः पाहणाऱ्या बाईला मत नाही, पण तिच्याकडे कामाला असलेल्या गड्याला आहे, ही विसंगती तिला रोज जाणवत असणार. या घराची सामाजिक किंमत मी सोफिया वावरली त्या दालनांत ठेवीन, मनोऱ्यांत नाही.

आणखी एक गोष्ट या घराचे मूल्यमापन करताना वगळता येत नाही. ज्या डोंगराच्या पायथ्याशी हे घर आहे त्याचे मूळ माओरी नाव ओवायराका. ऑकलंडची जमीन १८४०च्या सुमारास न्गाती फातुआ जमातीकडून इंग्रजांकडे आली, आणि अल्बर्टन बांधले गेले त्याच १८६३ सालच्या जुलै महिन्यात सरकारी फौजा ऑकलंडच्या दक्षिणेला वायकाटोवर चालून गेल्या; त्या युद्धानंतर माओरींच्या प्रचंड जमिनी जप्त झाल्या. एका टोकाला युद्ध आणि दुसऱ्या टोकाला शेतघराची तुळई चढवणे एकाच वर्षी चालू होते. ज्या राज्यव्यवस्थेने टेलरच्या बापाला मद्रासेत नोकरी दिली तिनेच मुलाला इथे एवढी जमीन घेण्याजोगी परिस्थिती दिली, हे आपल्याला, म्हणजे त्या राज्याखाली राहिलेल्यांच्या नातवंडांना, चटकन समजते. त्यामुळे घर कमी सुंदर होत नाही, परंतु ‘जुन्या सुखाच्या काळातले घर’ असे त्याच्याकडे पाहता येत नाही, आणि तसे पाहूही नये.

उपनगर म्हणून माउंट अल्बर्ट कसे घडले तेही या घरावरूनच वाचता येते. शेतघर आधी आले. १८८० मध्ये आगगाडी या बाजूला आली, नंतर ट्राम आली, आणि टेलरांची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली जाऊन तिच्यावर शहरात नोकरी करणाऱ्यांची घरे उभी राहिली. आज अल्बर्टन ॲव्हेन्यू आणि कर टेलर ॲव्हेन्यू ही रस्त्यांची नावे म्हणजे त्या शेताचा उरलेला सातबारा आहे. शेकडो एकरांचा मालक असलेले घर आता बागेच्या एका तुकड्यात, रहदारीच्या रस्त्याला लागून, अंग चोरून उभे आहे. घरासमोरून बस जाते तेव्हा मला हे घर आक्रसलेले वाटत नाही, उलट आजूबाजूचे सगळे त्याच्या अंगरख्यातून कापून काढलेले दिसते.

कागदोपत्री दर्जाविषयी एक खुलासा आवश्यक आहे, कारण मराठी मंडळींच्या गप्पांत यावर नेहमी गोंधळ होतो. अल्बर्टन हेरिटेज न्यूझीलंडच्या यादीत पहिल्या वर्गात आहे. २०१४ च्या कायद्यात ही यादी करताना सौंदर्य, पुरातत्त्व, वास्तुकला, संस्कृती, इतिहास, समाज, तंत्र, परंपरा अशी अनेक मूल्ये तपासण्याची तरतूद आहे, आणि पहिला वर्ग म्हणजे विशेष किंवा असामान्य महत्त्व. परंतु यादीत नाव असणे ही ओळख आहे, कवच नव्हे. एखादे खासगी घर पाडण्यावर वा बदलण्यावर खरे बंधन येते ते महापालिकेच्या आराखड्यातून. त्याच कायद्यानुसार १९०० पूर्वीच्या मानवी वावराची जागा पुरातत्त्वीय स्थळ ठरू शकते आणि मग तिथली माती उकरायलाही परवानगी लागते. जुने घर घेण्याच्या विचारात असलेल्यांनी यादी आणि आराखडा दोन्ही पाहावेत. दलालाने ‘हेरिटेज’ हा शब्द उच्चारला म्हणून हुरळूनही जाऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये.

ऑकलंडमध्ये याच संस्थेच्या देखरेखीखालची आणखी दोन लाकडी घरे पाहण्यासारखी आहेत, आणि तुलना केल्याशिवाय अल्बर्टनचे गुण नीट कळत नाहीत. न्यूमार्केटजवळचे १८६२ चे ‘हायविक’ अधिक देखणे आहे. त्याच्या भिंतीवर फळ्या उभ्या असून सांध्यांवर पट्ट्या मारलेल्या आहेत आणि टोकदार छपरांमुळे ते इंग्रजी गोष्टींतल्या घरासारखे दिसते. पार्नेलमधले ‘यूएल्म कॉटेज’ हे १८६३-६४ मध्ये व्हायसेसिमस लश या पाद्र्याने बांधलेले घर लहान, ठेंगणे आणि माझ्या मते सर्वांत मायाळू आहे. ज्यांना एकच घर पाहायचे आहे आणि छायाचित्रे काढायची आहेत त्यांनी हायविकला जावे. अल्बर्टन तिसऱ्या क्रमांकाचे सुंदर आहे. पण घर एका वेळी बांधून संपत नाही, ते माणसांबरोबर वाढत आणि थांबत जाते, हे दाखवण्यात या दोघांपैकी एकही त्याच्या जवळ येत नाही.

जाण्याविषयी काही सूचना. उघडण्याचे वार आणि तिकिटाचे दर बदलत असतात, तेव्हा ते पाहूनच निघावे. दोन मजली जुने घर आहे, वर जायला जिनाच आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईवडिलांना खालचा मजला आणि व्हरांडा एवढेच ठरवून न्यावे. तेवढ्यानेही भेट वाया जात नाही. लहान मुलांना आधीच सांगून ठेवावे की कागदाला आणि पडद्यांना हात लावायचा नाही, कारण हाताचा घाम कागदाला वाळवीइतकाच वाईट. हिवाळ्यात जाणार असाल तर स्वेटर घालून जावे, कारण या घरांच्या भिंतींत आणि छतात मुळात ऊब धरून ठेवणारे काहीही भरलेले नसे. पाचांपैकी मी साडेचार देतो, आणि अर्धा गुण व्हरांड्याच्या सावलीपायी आणि मनोऱ्यांपायी कापतो.

निघताना मात्र सरळ फाटकाकडे जाऊ नये. घराला बाहेरून एक फेरी मारावी आणि दक्षिणेच्या, म्हणजे इथल्या सावलीच्या बाजूला थांबून भिंतीला गाल लावल्यासारखे होऊन फळ्यांच्या रांगेवरून तिरपी नजर टाकावी. मामांनी तसे केले तेव्हा मी संकोचाने इकडेतिकडे पाहत होतो. ते तिथेच वाकलेले होते, एक डोळा मिटून, आणि बोटाने हवेत फळ्या मोजत होते. “ये इकडं,” म्हणाले, “ओळंबा बघ. एक फळी वाकली नाही.” मग त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या फळीपासून मोजायला सुरुवात केली.